जायफळ पेरणारं कबूतर: स्वयंपाकघरातल्या जायपत्रीचं खरं गिऱ्हाईक कोण?

पुरणात किसून घातलेलं जायफळ आणि मटणाच्या मसाल्यातली जायपत्री, दोन्ही एकाच झाडाच्या एकाच फळातून येतात. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जायपत्रीचा मूळचा भडक लाल रंग आणि तिच्यातला स्निग्धांश झाडाने माणसाच्या जिभेसाठी तयार केलेला नाही. ती एका पक्ष्याला दिलेली मजुरी आहे. बी गिळायचं, दूर न्यायचं आणि न फोडता खाली टाकायचं, या कामाची.

हा पक्षी म्हणजे इम्पीरियल पिजन, मराठीत म्हणायचं तर शाही कबूतर. जायफळाच्या मूळ भूमीत याच कबुतराने जायफळाची झाडं पसरवली. पुढे एका बलाढ्य कंपनीने ती झाडं काही मोजक्या बेटांवर डांबून ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा हे कबूतर तिच्या वाटेत आलं. आज सह्याद्रीत रानजायफळाच्या ज्या राया उरल्या आहेत, त्यांचं भवितव्यही अशाच मोठ्या फळखाऊ पक्ष्यांवर अवलंबून आहे.

एका फळात काय काय असतं?

जायफळाचं शास्त्रीय नाव मिरिस्टिका फ्रॅग्रन्स. हे सदाहरित झाड मूळचं इंडोनेशियातल्या मालुकू प्रांतातल्या बांदा बेटांवरचं. (सावंतवाडीजवळचं बांदा वेगळं. नावाचं साम्य निव्वळ योगायोगाचं.)

फळ पिवळसर, छोट्या पेरूएवढं. पिकलं की झाडावरच उभं उकलतं आणि दोन फाका होतात. आत चकचकीत, गडद तपकिरी कवचाचं बी असतं आणि त्या बीभोवती लाल रंगाची जाळी घट्ट लपेटलेली असते. ही जाळी म्हणजे जायपत्री. ती वाळली की लाल रंग जाऊन केशरी-पिवळी होते, म्हणून दुकानातली जायपत्री लाल दिसत नाही. बी वाळत आलं की आतला गर कवचापासून सुटतो आणि हलवलं की खुळखुळतो. मग कवच फोडायचं. आतून निघतं ते आपलं जायफळ.

उकललेल्या फळात तपकिरीवर लाल असा हा देखावा हिरव्या पानांत लांबून दिसतो. पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात. म्हणजे जे फळ उघडून आपला माल दाखवतं, ते उडणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत असतं, असं समजायला हरकत नाही.

हे कबूतर आपल्या कबुतरापेक्षा वेगळं कसं?

मुंबई-पुण्यातल्या खिडक्यांवर बसणारं कबूतर दाणे खातं. त्याच्या पोटात जाड स्नायूंची एक पिशवी असते, तिला पेषणी म्हणतात. कबूतर बारीक खडेही गिळतं, आणि ते खडे या पिशवीत जात्याचं काम करतात. ज्वारी असो वा हरभरा, दाण्याचं पीठ होतं. अशा पक्ष्याने बी खाल्लं की ते संपलंच.

शाही कबुतरांचं तसं नाही. ड्युक्युला या प्रजातीत जवळपास ४० जाती आहेत. भारतापासून पॅसिफिक महासागरातल्या बेटांपर्यंत त्या पसरल्या आहेत आणि त्यांचं मुख्य अन्न फळं. त्यांच्या पोटात दाणे भरडण्याची सोय नसते. जबडा मात्र कमालीचा ताणला जातो. चोच पाहिली तर त्यातून सुपारीएवढं बी आत जाईल यावर विश्वास बसत नाही, पण जातं. पोटात गेल्यावर बीभोवतीचा गर किंवा जाळी पचते आणि बी जसंच्या तसं बाहेर पडतं, कधी विष्ठेतून तर कधी उलटून टाकून. तोवर पक्षी दुसऱ्या झाडावर, दुसऱ्या टेकडीवर किंवा दुसऱ्या बेटावर पोहोचलेला असतो.

ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५७ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बांदाला पोहोचला. डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा हाच तो. जायफळाच्या बागांत त्याला मोठी, देखणी कबुतरं दिसली. ती जायफळ गिळतात, जायपत्री पचवतात आणि बी धक्का न लावता टाकून देतात, हे त्याने नोंदवलं. १८६५ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णनही त्यानेच प्रसिद्ध केलं. आज तिला ड्युक्युला कॉन्सिना म्हणतात.

पक्षी आणि जायफळ यांच्या जुन्या गोष्टी याहून रंगीत आहेत. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची वर्णनं लिहिणारा सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने एक ऐकीव कथा लिहून ठेवली आहे. जायफळाच्या हंगामात स्वर्गपक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) थव्याने येतात, जायफळ खाऊन झिंगतात, खाली पडतात आणि मुंग्या त्यांचे पाय खाऊन टाकतात! युरोपात पोहोचणाऱ्या या पक्ष्यांच्या कातड्यांना पाय नसायचे, कारण विकणारे ते कापून टाकत. त्याचं स्पष्टीकरण द्यायला ही कथा सोयीची होती. कबुतराची गोष्ट त्या मानाने साधी आहे, पण खरी आहे.

झाडं डांबून ठेवता येतात का?

सतराव्या शतकापर्यंत जगाला जायफळ मिळायचं ते बांदातूनच. समुद्रात जेमतेम ठिपक्यांएवढी ही बेटं. अरब, गुजराती, मलय आणि जावाचे व्यापारी इथून माल उचलत आणि तो हातोहाती युरोपापर्यंत जाई. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढायची.

१६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला ही साखळी नको होती. तिला सगळं जायफळ एकट्याला हवं होतं. बांदाच्या लोकांवर करार लादले गेले. पण ते इतरांनाही माल विकत राहिले, कारण तांदूळ आणि कापड त्यांना त्या व्यापारातूनच मिळायचं. १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून मोठं आरमार घेऊन आला. गावं जाळली गेली. ४४ प्रमुखांना ठार मारण्यात आलं आणि त्यासाठी कंपनीने पगारी जपानी सैनिक वापरले. बेटांवर सुमारे १५ हजार लोक राहत होते असा अंदाज आहे. त्यातले साधारण हजारच मागे उरले. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. वेलदोडा-जायफळाच्या गोड इतिहासात हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. खरं तर आधुनिक काळातल्या पहिल्या कॉर्पोरेट कत्तलींमध्ये याची गणना व्हायला हवी.

रिकाम्या झालेल्या जमिनीचे ६८ तुकडे पाडून ते डच बागाईतदारांना देण्यात आले. राबायला बाहेरून गुलाम आणले गेले. रून नावाच्या चिमुकल्या बेटावर इंग्रजांचा दावा होता. तिथली जायफळाची झाडं डचांनी तोडून टाकली, म्हणजे बेट मिळालं तरी इंग्रजांच्या हाती काही लागू नये. १६६७ च्या ब्रेडा तहात रून डचांकडे राहिलं आणि इंग्रजांनी आधीच घेतलेलं न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांकडे.

मक्तेदारी टिकवायची तर दोन गोष्टी आवश्यक होत्या. बांदाबाहेर झाड उगवू द्यायचं नाही आणि उगवण्यासारखं बी बाहेर जाऊ द्यायचं नाही. पहिल्यासाठी आसपासच्या बेटांवर दिसतील ती झाडं तोडण्याचं धोरण होतं. दुसऱ्यासाठी जायफळं चुन्याच्या निवळीत बुडवली जात. चुन्याने बी मरतं असा समज होता. प्रत्यक्षात जायफळाचं बी मुळातच नाजूक असतं. ते वाळलं की उगवण्याची ताकद जाते. मसाल्याच्या डब्यातलं जायफळ कितीही जपून पेरलं तरी उगवणार नाही, ते यामुळेच. चुन्याचा खरा उपयोग झाला तो किडीपासून माल वाचवायला.

ताजं बी बाहेर नेण्याची खात्रीची वाट एकच होती, आणि ती कबुतराच्या पोटातून जात होती. बंदरावर पहारा बसवता येतो, जहाजं तपासता येतात, झाडं मोजता येतात. पण बी पोटात घेऊन समुद्रावरून उडालेल्या थव्याचं काय करणार? डचांनी तोडलेली झाडं कबुतरं पुन्हा पेरत होती, असं नंतरच्या काळातल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. नावात ‘शाही’ असलेल्या पक्ष्याने साम्राज्याला दिलेला हा त्रास गमतीचा खरा, पण मक्तेदारी एकट्या कबुतरांनी मोडली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. मोठा घाव माणसांनीच घातला. पिअर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीतून १७७० च्या सुमारास रोपं मॉरिशसला पोहोचली. पुढे नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत इंग्रजांनी बांदा ताब्यात घेतलं आणि रोपं पेनांग, सुमात्रा, श्रीलंका अशी पसरवली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडामध्ये तर जायफळ इतकं रुजलं की ते त्या देशाच्या झेंड्यावर जाऊन बसलं.

गंमत म्हणजे बांदाच्या बागांत ही कबुतरं पाहणाऱ्या वॉलेसने जायफळाच्या सरकारी मक्तेदारीचं समर्थनच केलं होतं. जायफळ ही स्थानिक लोकांच्या गरजेची वस्तू नाही, सबब मक्तेदारीने त्यांचं नुकसान होत नाही, असा त्याचा युक्तिवाद. १६२१ चा हिशेब त्यात धरलेला नाही.

पक्ष्याने जाळी खाल्ली, माणसाने सगळंच

कबूतर फक्त जायपत्री पचवतं. माणसाने फळाचा एकही भाग सोडला नाही.

महाराष्ट्रात जायफळ मुख्यतः गोडात पडतं. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, मोदकाचं सारण आणि अनेक घरांत दुधाळ कॉफी. ही कॉफी इतर राज्यांतल्या पाहुण्यांना चकित करते, पण यामागे साधं कारण आहे. जायफळाचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि ही तेलं स्निग्ध पदार्थांत चांगली मुरतात. म्हणून दूध, साय, चक्का, तूप यांच्याशी त्याचं जमतं. हीच तेलं उष्णतेने उडून जातात, म्हणून जायफळ शेवटी आणि ताजं किसून घालायचं. किसून डब्यात भरून ठेवलेली पूड महिन्याभरात भुशासारखी लागते.

जायपत्रीचा वास त्याच घराण्यातला, पण हलका आणि जरा तिखटसर. ती भाजून मसाल्यात जाते. मटणाचा मसाला, बिर्याणी, कुर्मा यांत एखादी पाकळी पुरते. पांढऱ्या रश्श्यांत तिचा आणखी एक फायदा असा की रंग काळवंडत नाही.

युरोपात मध्ययुगात जायफळ श्रीमंतीचं प्रदर्शन होतं. आता ते रोजच्या जेवणात आहे. फ्रेंचांचा बेशामेल नावाचा पांढरा सॉस, इटलीतल्या तॉर्तेलिनीचं सारण, पालकाच्या भाज्या, कस्टर्ड, सगळीकडे चिमूटभर जायफळ असतं. नेदरलँड्समध्ये उकडलेल्या फ्लॉवरवर आणि फरसबीवर जायफळ किसून घालण्याची पद्धत आजही आहे. ज्या मसाल्यासाठी इतकं रक्त सांडलं, तो शेवटी फ्लॉवरच्या भाजीवर येऊन स्थिरावला.

जायफळाच्या मायदेशात मात्र बाहेरचा गरही तितकाच महत्त्वाचा. इंडोनेशियात त्याच्या फोडी साखरेत मुरवून ‘मानिसान पाला’ नावाचा सुकवलेला गोड प्रकार करतात. त्याचं सरबत आणि मुरंबाही होतो. ‘सेमूर’ नावाचा मांसाचा गोडसर, काळपट रस्साही जायफळाशिवाय होत नाही. केरळात या सालीचं लोणचं घालतात आणि कोकणातल्या बागाईतदारांकडेही लोणचं, सरबत असे प्रकार होऊ लागले आहेत. नाहीतर फळातला सर्वांत मोठा हिस्सा बागेतच कुजून जातो.

प्रमाणाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. जायफळात मिरिस्टिसिन नावाचा घटक असतो. चिमूटभराने काही होत नाही. पण एखाद-दोन अख्खी जायफळं पूड करून एकदम पोटात गेली तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम असे त्रास होऊ शकतात आणि ते तासन्‌तास टिकतात. बाळगुटीत सहाणेवर जायफळाचे वेढे देण्याची पद्धत आहे. तिथे नेमकी मात्रा मोजता येत नाही, त्यामुळे तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. कबूतर मात्र कवच फोडतच नाही.

रामपत्री आणि सह्याद्रीतले भाऊबंद

जायफळाचे जंगली भाऊबंद पश्चिम घाटातही आहेत. त्यातलं मिरिस्टिका मलबारिका हे झाड मराठी स्वयंपाकघराच्या ओळखीचं आहे, फक्त वेगळ्या नावाने. मसाल्याच्या दुकानात मिळणारी रामपत्री ही त्याच्या बीवरची जाळी. ती जायपत्रीपेक्षा लांब आणि वाळल्यावरही गडद लाल राहते. वास जवळजवळ नाही. काही घरांत ती मसाल्यात मुद्दाम घालतात आणि त्यात गैर काही नाही. अडचण होते ती रामपत्री जायपत्री म्हणून विकली जाते तेव्हा. ही भेसळ इतकी जुनी आहे की इंग्रजीत रामपत्रीला ‘बॉम्बे मेस’, म्हणजे मुंबईची जायपत्री, असंच नाव पडलं. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाकळी बोटांत चुरडायची. खरी जायपत्री लगेच घमघमते.

या झाडांची काही जवळची भावंडं दलदलीत वाढतात. डोंगरातल्या ओढ्याकाठी, वर्षभर पाणी साचणाऱ्या जागी ती दाटीने उभी असतात आणि श्वास घेण्यासाठी त्यांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. या जागांना मिरिस्टिका दलदल म्हणतात. केरळ आणि कर्नाटकात त्या आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात अशी दलदल आहे हे बरंच उशिरा लक्षात आलं. ती सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे भागात आहे आणि राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं आहे. या जागा तगल्या त्या बऱ्याच अंशी देवाच्या नावावर. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, हा गावाचा जुना नियम.

पण झाड न तोडणं पुरेसं नाही. बी मोठं असल्याने ते गिळू शकणारे पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. पश्चिम घाटात ते म्हणजे शाही कबुतरं आणि धनेश. शाही कबुतरं गोवा-कर्नाटकापासून दक्षिणेकडच्या दाट जंगलांत अधिक दिसतात. कोकणात या कामाचा मोठा भार धनेशावर आहे. अनेक गावांत त्याला गरुड म्हणूनच ओळखतात. हे पक्षी नसतील तर बिया आईच्याच सावलीत पडतात. तिथे त्या कुजतात, किडतात किंवा उंदीर-साळिंदर त्यांचा फडशा पाडतात.

त्यातच रामपत्रीला बाजारात चांगला भाव असतो. झाड उंच, फळं शेंड्याला. मग चढून तोडण्याऐवजी फांदीच छाटली जाते आणि फळ पक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधी पोत्यात जातं. जायफळाच्या कुळात नर आणि मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात, त्यामुळे छोट्या राईत दोन-चार मादी झाडं छाटली गेली की त्या वर्षी बी जवळपास शून्य. या झाडाची नोंद जागतिक पातळीवर धोक्यात येऊ शकणाऱ्या जातींत आहे. पक्ष्यांची बाजूही नाजूक आहे. शाही कबूतर एका वेळी एकच अंडं घालतं आणि धनेशाला घरट्यासाठी जुन्या, जाडजूड झाडाची ढोली लागते. शिकार किंवा तोड झाली की भरपाई व्हायला वर्षं जातात.

ती होऊ शकते, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर पांढरीशुभ्र शाही कबुतरं घरटी करतात आणि रोज समुद्र ओलांडून मुख्य भूमीवरच्या जंगलात फळं खायला जातात. तिथे त्यांना ‘नटमेग पिजन’ हेच टोपणनाव. एके काळी लोक बोटीतून येऊन त्यांना शेकड्याने गोळ्या घालत. १९६० च्या दशकात आर्थर आणि मार्गारेट थॉर्सबोर्न या दांपत्याने ब्रूक बेटांजवळ बसून परतणारे थवे मोजायला सुरुवात केली आणि शिकारीविरुद्ध पाठपुरावा केला. शिकार थांबली, थवे पुन्हा वाढले आणि मोजणीचं काम पुढे अनेक दशकं चालू राहिलं.

कोकणातली बाग

लागवडीचं जायफळ कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत घेतलं जातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याचं ‘लाखी बाग’ नावाचं प्रारूप लोकप्रिय केलं. बियांपासून रोपं केली तर साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा ते आठ वर्षं लागतात. म्हणून बागाईतदार मादी झाडाची कलमं लावतो आणि परागीभवनापुरती थोडी नर झाडं ठेवतो. या बागेत पक्ष्याची गरज नाही.

रानातल्या जातींना कलमाचा आधार नाही. त्यांच्यासाठी कोकणात काही संवर्धन गट धनेशाच्या घरट्याखाली पडलेल्या बिया वेचून रोपं करतात. घरट्यातली मादी आणि पिल्लं फळ खाऊन बिया खाली टाकतात, त्यामुळे एकाच जागी भरपूर बी मिळतं आणि त्यावरची जाळी आधीच निघालेली असते. वेळ मात्र कमी असतो. बी वाळायच्या आत, काही दिवसांतच, ओलसर मातीत आणि सावलीत लावावं लागतं.